दुहाती रॉड फक्त सॅमनसाठी? मुळीच नाही

दुहाती फ्लाय रॉड (नकली माशी लावून मासे पकडायची, दोन्ही हातांनी फिरवायची काठी) म्हणजे सॅमन या मोठ्या माशाचंच हत्यार, ट्राउटसारख्या लहान माशाला तो जडच पडणार, हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. स्कॉटलंडच्या स्पे नदीवरचे १३-१५ फुटी रॉड पाहिले की तसं वाटतंही. पण ट्राउटसाठी साधारण ११ फुटांचे, २ ते ४ नंबरचे हलके दुहाती रॉड मिळतात (नंबर म्हणजे रॉड किती वजनाची लाइन, म्हणजे दोरी, फेकतो त्याचा आकडा). त्यांवर लहानशा माशाचा झटकाही थेट मुठीत जाणवतो.

खरी गफलत नंबरात होते. दुहाती ३ नंबर साधारण एकहाती ६ नंबराच्या ताकदीचा असतो! म्हणून नेहमीचा ५ नंबर डोक्यात ठेवून दुहाती ५ घेऊ नका. लाइनही नंबरावरून नको, ग्रेन या छोट्या एककातल्या वजनावरूनच जुळवा. आणि पाठीशी दाट झाडी असेल, तर दुहातीसारखं सुख नाही: लाइन मागे लांबवर न भिरकावता पाण्यावरच वळवून पुढे सोडता येते.