पोह्यातले डाळिंबाचे दाणे आणि जर्मनीची घसरण

इंदूरच्या छप्पन दुकानला पोहे खाता खाता आमच्या काकांनी परवा निकाल देऊन टाकला, "जर्मन फुटबॉल संपलं रे. २०१८ च्या विश्वचषकात साखळीतच बाहेर, २०२२ ला परत तेच."

२०२२ चंच बघू. कतारमध्ये जर्मनी जपानकडून १-२ हरली, स्पेनशी १-१ बरोबरी झाली, कोस्टा रिकाला ४-२ ने हरवलं. गुण चार. त्याच रात्री जपान-स्पेन सामन्यात जपानच्या दुसऱ्या गोलाआधी चेंडू शेवटच्या रेषेबाहेर गेला असं बघणाऱ्यांना वाटलं. कॅमेऱ्यांनी तपासलं, तर चेंडूच्या फुगीर पोटाची कड काही मिलिमीटर अजून रेषेवर होती. गोल मान्य झाला, जपान २-१ ने जिंकला. तो अमान्य होऊन सामना १-१ सुटला असता, तर जपान-जर्मनीचे गुण सारखे झाले असते आणि गोलफरकावर जर्मनी पुढे गेली असती. मग काका काय म्हणाले असते?

आता प्लेटकडे बघा. पोहेवाला जीरावन मसाला, शेव आणि वरून डाळिंबाचे दाणे भुरभुरवतो. समजा सरासरी प्लेटमागे दोन दाणे. तरी कुणाला पाच येतात, आणि सातातल्या एकाला एकही नाही. पोहेवाल्याचं त्याच्याशी वैर नसतं. क्वचित आणि एकमेकांवर अवलंबून नसलेल्या घटनांच्या या गणिताला प्वासाँ वितरण म्हणतात. फ्रेंच गणितज्ञ सिमेओं प्वासाँने ते १८३७ मध्ये मांडलं. फुटबॉलचे गोल बरेचसे असेच पडतात. २०२२ मध्ये ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्यामागे २.७. (आघाडी मिळाली की संघ बचावात शिरतो, त्यामुळे गणित तंतोतंत जुळत नाही. पण आपल्या कामापुरतं पुरेसं आहे.)

सरासरी दोन गोल करणारा संघ आणि एक गोल करणारा संघ समोरासमोर आले असं धरा. ताकद सरळ दुप्पट. प्रत्येक गोलसंख्येची शक्यता काढून गुणाकार-बेरजा केल्या, की दुप्पट ताकदीचा संघ जिंकायची शक्यता येते ६१ टक्के, बरोबरीची २१, हरण्याची १८. बाद फेरीत बरोबरीतले निम्मे त्याच्या पदरात टाका, ७१ टक्के झाले. असे चार सामने ओळीने जिंकायचे तर ०.७१ चा चौथा घात, म्हणजे साधारण २५ टक्के. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याहून दुप्पट भारी असलेला संघ चारातून तीनदा चषकाविना घरी! २०२६ पासून संघ ४८ आणि बाद फेरीत सामने पाच, तेव्हा हा आकडा १८ टक्क्यांवर येतो.

मग किती सामन्यांनी ताकद कळते? प्वासाँमध्ये विचरण (आकडे सरासरीपासून किती पसरतात त्याचं माप) सरासरीइतकंच असतं, आणि त्याचं वर्गमूळ म्हणजे नशिबाने होणारं विखुरणं. आपल्या दोन संघांच्या गोलफरकाची सरासरी १, विचरण २+१=३. क सामन्यांनंतर फरक क, आणि विखुरणं ३क चं वर्गमूळ. फरक निव्वळ नशिबाचा नाही असं म्हणायला तो विखुरण्याच्या दुप्पट तरी हवा, आणि त्यासाठी क किमान १२ हवा. साखळीत सामने तीन. फरक अर्ध्या गोलाचाच असेल, तर विचरण तितकंच धरून १२ चे ४८ होतात.

२०१० मध्ये जर्मनीतल्या पॉल नावाच्या ऑक्टोपसने आठपैकी आठ निकाल बरोबर सांगितले. नाणं उडवून हे २५६ त एकदा होतं. जगभरात पोपट, कासवं, ज्योतिषी मिळून २५६ हून जास्तच बसले असतील. चुकलेल्यांचे फोटो कोण छापणार?

काकांना मी १२ आणि ४८ सांगितले. त्यांनी विचारलं, "४८ सामने व्हायला वर्षं किती?" चार-पाच. तोवर निम्मे खेळाडू बदललेले, प्रशिक्षकही. मोजायला घेतलेला संघच हातात राहत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी जिलबी मागवली.