अंदमानातल्या लोकांचं रक्त कमजोर नव्हतं

बेळगावात टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरायला जातो, जिथं एकेकाळी देवीची लस तयार व्हायची, आणि तिथंच परवा अंदमानातल्या सेंटिनेल बेटाचा, जिथले आदिवासी बाहेरच्या कुणाला येऊ देत नाहीत, विषय निघाला तर एकजण म्हणाले, ते आदिवासी रक्तानंच कमजोर, बाहेरचा माणूस शिंकला तरी मरतील. हे ऐकून मला गप्प बसवत नाही.

1858 साली ब्रिटिशांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत केली, तेव्हा ग्रेट अंदमानी लोक, म्हणजे तिथलेच दुसरे आदिवासी, काही हजार होते. 1901 च्या जनगणनेत 625 उरले, 1961 ला फक्त 19. चकमकी झाल्या, जंगल गेलं, पण मोठा मार आजारांचा, सिफिलिसचा आणि 1877 च्या गोवराच्या साथीचा.

आता गोवराचं गणित बघा. लस नसेल तर एक पेशंट 12 ते 18 जणांना गोवर देतो, पण एकदा झाला की शरीर तो व्हायरस जन्मभर ओळखतं. म्हणजे व्हायरसला टिकायला सतत नवी बाळं लागतात, काही लाखांच्या वस्तीत ती मिळतात, छोट्या बेटावर नाही, तिथं साथ आली की विझते आणि पुन्हा बाहेरून जहाजानंच येते. आपल्याकडं आजीच्या काळी गोवर कायम फिरत असायचा, सगळ्यांना लहानपणीच होऊन जायचा, त्यामुळं पोर आजारी पडलं तरी पेज द्यायला आई-आजी धडधाकट. अंदमानात मात्र आजोबा, आई, पोर सगळे एकाच आठवड्यात आडवे, मग पाणी कोण आणणार, शिकारीला कोण जाणार? अशा वेळी तहान, भूक आणि न्यूमोनियाच माणूस मारतो.

आणि हे वंशाचं नाहीच. 1846 मधे फेरो बेटांवर, म्हणजे गोऱ्या युरोपियन लोकांत, सुमारे 7,800 पैकी 6,000 जणांना गोवर झाला, पण ज्या म्हाताऱ्यांना 1781 च्या साथीत झाला होता ते 65 वर्षांनीसुद्धा सुटले! पानुम नावाच्या तरुण डॉक्टरनं घरोघरी फिरून हे टिपलं.

म्हणून आजही कुणी 'देवी आलीय, कडुलिंबाचा पाला बांधा, इंजेक्शन नको' म्हणालं की मला राग येतो. गोवर कुणाचा कोप नाही, हवेतून पसरणारा व्हायरस आहे, आणि त्याची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

सेंटिनेलींना ती कुणी दिलेली नाही. 1956 च्या कायद्यानं असल्या जमातींचे भाग राखीव केलेत, तिथं परवानगीशिवाय जाता येत नाही. आपण ठणठणीत आहोत असं जाणाऱ्याला वाटत असेल, पण गोवर तर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासूनच पसरायला लागतो.