कवंडळ गाडीतून दिसत नाही

गणेशचवथीच्या आदल्या दिवशी गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारात पाय आपोआप हळू पडतात. गावागावांतून आलेल्या बायका गोणपाट अंथरून बसलेल्या असतात. पुढ्यात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचं सामान: सुपारीचे घोस, आंबाडे, चिबूड, कांगण्या, कवंडळं नावाची तांबूस रानफळं. माणूस वाकतो, कवंडळ उचलतो, डाग आहे का बघतो, दर विचारतो, चार पावलं पुढे जाऊन परत येतो. गर्दी इतकी असते की चारचाकी आत घालायचा विचारही कोणी करत नाही, आणि तरीही त्या दिवशी विक्री जोरात चालते. माझ्या मते विक्री जोरात चालते ती गाड्या नसतात म्हणूनच.

साधा हिशेब मांडू. माणूस ताशी सुमारे ५ किलोमीटर चालतो, म्हणजे सेकंदाला १.४ मीटर. चार मीटर रुंदीच्या दुकानासमोरून जायला त्याला जवळजवळ तीन सेकंद लागतात. तेवढ्यात पाटीवरचा दर वाचून होतो, आतला ओळखीचा चेहरा दिसतो. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी तेच दुकान अर्ध्या सेकंदाच्या आत मागे टाकते, आणि चालवणाऱ्याची नजर तेव्हा पुढच्या स्कूटरवर असते, असायलाच हवी. शिवाय चालणाऱ्याला थांबायला काहीच लागत नाही. गाडीवाल्याला आधी जागा शोधावी लागते, आणि ती मिळेपर्यंत दुकान मागे पडलेलं असतं.

तरीही पदपथ रुंद करायचा किंवा रस्ता गाड्यांना बंद करायचा म्हटलं की पहिला विरोध दुकानदारांचाच होतो. त्यांची भीती खरी आहे, कारण पोट त्यावर आहे. पण ही भीती तपासून पाहिली गेली आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ साली झालेल्या पाहणीत दुकानदारांना वाटत होतं की ४१ टक्के गिऱ्हाईक मोटारीने येतं. प्रत्यक्षात ते २२ टक्के निघालं. मोटारीतून उतरणारा माणूस डोळ्यांत भरतो, चालत आलेला मोजला जात नाही.

अमेरिकेत पोर्टलंडमध्ये २०१२ साली खर्चच मोजला गेला. चालत किंवा सायकलने येणारे लोक एका फेरीत कमी खर्च करत होते, पण फेऱ्या जास्त असल्यामुळे हॉटेलं, बार आणि छोट्या दुकानांत त्यांचा महिन्याचा खर्च मोटारवाल्यांपेक्षा जास्त भरला. सुपरमार्केटमध्ये मात्र मोटारवालेच पुढे होते. आठवड्याचं सामान डिकीतच जातं, हे मान्य करायला हवं. पण पणजीतल्या १८ जून रस्त्यावर किंवा मडगावच्या गांधी मार्केटात बहुतेक दुकानं कापडाची, चपलांची, औषधांची, चहा-भजीची आहेत. ती फेऱ्यांवरच चालतात.

यात पेट्रोलचाही पैसा धरा. गोव्यात तेलाची विहीर नाही, त्यामुळे टाकीत गेलेल्या रुपयातला मोठा हिस्सा राज्याबाहेर जातो. तोच रुपया ताळगावच्या भाजीवालीकडे गेला तर ती तो इथल्याच कापडवाल्याकडे, डॉक्टरकडे, मुलाच्या वह्यांवर खर्च करते.

आता जागेचं बघू. मोटार उभी करायला साधारण अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर लागतात. सकाळी कामावर आलेल्या माणसाने तिथे गाडी लावली की संध्याकाळपर्यंत ती जागा एकट्याची. तेवढ्यात चार भाजीवाल्या आरामात बसतील. भाजीवाली एका गोणपाटाच्या जागेसाठी रोज सोपो, म्हणजे बाजारात बसण्याचा कर भरते, गाडीला मात्र कित्येक रस्त्यांवर जागा फुकट मिळते. हा अन्याय मला फार खुपतो. रस्त्याच्या वहनक्षमतेतही हेच दिसतं. रस्त्याची तीन मीटर रुंद पट्टी गाड्यांना दिली तर तासाला ६०० ते १,६०० माणसं पुढे सरकतात. तीच पट्टी पदपथाला दिली तर आठ-नऊ हजार.

कोपनहेगनने १९६२ साली आपला मुख्य बाजाररस्ता, स्ट्रोगेट, गाड्यांना बंद केला. इतक्या थंडीत कोण चालणार, असं तेव्हा लोक म्हणत होते. लोक चालले. सुरुवातीला माणसांसाठी मोकळी केलेली जागा १५,८०० चौरस मीटर होती, २००० सालापर्यंत ती जवळजवळ एक लाखावर गेली. हे एका रात्रीत झालं नाही. पार्किंगच्या जागा दरवर्षी दोन-तीन टक्क्यांनी कमी करत नेल्या, म्हणून शहराला सवय होत गेली.

त्यांना थंडी, तर आपल्याला पाऊस. वर्षाला जवळजवळ तीन हजार मिलिमीटर, बहुतेक चारच महिन्यांत. पण त्यावरचं उत्तर पणजीत आधीच बांधलेलं आहे. १८ जून रस्त्यावर कितीतरी इमारतींच्या तळमजल्याला दुकानांसमोर खांबांची छपराखालची वाट आहे. जुलैच्या झडीतही छत्री मिटून तिथून चालता येतं, मे महिन्यात उन्हापासून सुटका होते. अडचण इतकीच की ही वाट सलग नाही. एका इमारतीची फरशी दोन पायऱ्या वर, दुसरीची एक खाली. मध्येच दुचाकी, मध्येच मालाची खोकी. भारतीय रस्ता परिषदेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी, असं स्पष्ट लिहिलं आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं.

ते जगण्याशी जोडलं आहे ते उगाच नाही. गाडीच्या धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ३० ऐवजी ५० किलोमीटर वेग असेल तर ती पावणेतीन पटींपेक्षा जास्त होते. हाडांना हा फरक कळतो.

माझ्या आईचे गुडघे दुखतात. ती पणजीला आली की खांबांच्या वाटेने निघते आणि पायऱ्या मोजते. गेल्या पावसात चष्मा घेऊन झाला, पुढे चार दुकानं सोडून तिला नातीसाठी परकराचं कापड बघायचं होतं. मध्ये दोन ठिकाणी चढउतार, एका ठिकाणी फरशीवर आडव्या लावलेल्या स्कूटरी, आणि खाली रस्त्यावर पाणी. ती खांबाला हात टेकून थोडा वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "राहू दे, पुढच्या वेळी बघू." कापडवाला तेव्हा दारातच उभा होता, रस्त्याकडे बघत.