व्हिडिओ गेम कन्सोल : डिस्क-फॉरमॅट व हाय डेफिनिशन हार्डवेअरची निवड

व्हिडिओ गेम कन्सोलची नवी पिढी आखताना गेमची माहिती कोणत्या माध्यमावर साठवायची, ते माध्यम वाचणारा ड्राइव्ह यंत्रातच बसवायचा की वेगळा विकायचा, आणि तयार झालेले चित्र किती रिझोल्यूशनचे असावे व कोणत्या जोडणीतून टीव्हीपर्यंत पोहोचावे, यासंबंधी उत्पादक कंपनीने घ्यावयाचे परस्परावलंबी निर्णय. हे निर्णय यंत्र बाजारात येण्याच्या बरेच आधी घ्यावे लागतात आणि एकदा गेम विकले जाऊ लागले की ती पिढी संपेपर्यंत ते व्यवहारतः बदलता येत नाहीत. डिस्कची निवड म्हणजे साठवणक्षमतेची निवड, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात वाचनाचा वेग, परवानाशुल्क, लेसरचा पुरवठा आणि यंत्रात हार्ड डिस्क असण्याची हमी या बाबी क्षमतेइतक्याच, काही वेळा तिच्याहूनही, निर्णायक ठरल्या आहेत. 2005–06 मध्ये आलेल्या पिढीत डिस्क आणि चित्र हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी उभे राहिल्यामुळे प्रस्तुत नोंदीत तिचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

प्रारंभ : प्रकाशीय (लेसरने वाचली जाणारी) डिस्क वापरणारा पहिला कन्सोल कोणता याविषयी एकमत नाही. एनईसी कंपनीने डिसेंबर 1988 मध्ये जपानमध्ये आपल्या पीसी इंजिन या कन्सोलसाठी सीडी-रॉमचे जोडयंत्र आणले व सामान्यतः पहिलेपणाचा मान त्यालाच दिला जातो. ड्राइव्ह मूळ यंत्रातच असला पाहिजे अशी अट घालणारे अभ्यासक 1991 मधील कमोडोर सीडीटीव्ही व फिलिप्स सीडी-आय यांकडे बोट दाखवतात. तथापि ही दोन्ही यंत्रे घरगुती बहुमाध्यम-उपकरणे म्हणून विकली गेली, गेम हा त्यांचा एक उपयोग होता. त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

सोनी आणि निन्तेन्दो यांच्या फारकतीचे कारणही वादाचे आहे. निन्तेन्दोच्या सुपर निन्तेन्दो या कन्सोलसाठी सीडी ड्राइव्ह बनविण्याबाबत दोन्ही कंपन्यांत करार झाला होता. जून 1991 मध्ये शिकागो येथील प्रदर्शनात सोनीने ‘प्ले स्टेशन’ जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी निन्तेन्दोने फिलिप्सबरोबरच्या सहकार्याची घोषणा केली. सीडीचा संथ वेग निन्तेन्दोला पसंत नव्हता, असे एक स्पष्टीकरण देण्यात येते. परंतु फिलिप्सबरोबरचा बेतही सीडीचाच होता, हे लक्षात घेता सीडीवरील गेमच्या परवान्यांचे हक्क मूळ कराराने सोनीकडे जात होते, हे दुसरे स्पष्टीकरण घटनाक्रमाशी अधिक जुळते. वेगाचा आक्षेप पुढे 1996 च्या निन्तेन्दो 64 या कन्सोलच्या वेळी खऱ्या अर्थाने पुढे आला आणि त्या यंत्रात कार्ट्रिजच (गेमची चिप असलेली, यंत्राच्या खाचेत बसवायची पेटी) कायम ठेवण्यात आले. त्या कार्ट्रिजची कमाल क्षमता 64 मेगाबाइट होती, तर सोनीच्या प्लेस्टेशनमधील (डिसेंबर 1994) सीडीची सुमारे 650 मेगाबाइट. ‘फायनल फँटसी 7’ हा गेम 1997 मध्ये निन्तेन्दोऐवजी प्लेस्टेशनवर तीन सीडींमध्ये निघाला, त्याच्या मुळाशी हा फरक होता.

सेगाच्या ड्रीमकास्टने (1998) सुमारे 1 गिगाबाइटची जीडी-रॉम, प्लेस्टेशन 2 ने (मार्च 2000) डीव्हीडी आणि निन्तेन्दो गेमक्यूबने (2001) 8 सेंटिमीटर व्यासाची 1.5 गिगाबाइटची डिस्क स्वीकारली. प्लेस्टेशन 2 वर डीव्हीडी चित्रपट पाहता येत असल्याने अनेक घरांत तो पहिला डीव्हीडी प्लेअर ठरला. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्समध्येही (2001) डीव्हीडी ड्राइव्ह होता. मात्र चित्रपट पाहण्यासाठी वेगळा रिमोट संच विकत घ्यावा लागे, म्हणजे परवानाशुल्काचा भार फक्त इच्छुक ग्राहकावर पडे. ड्राइव्ह असणे आणि चित्रपट दाखविण्याचा हक्क असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून कळते.

लेसर व डिस्कची रचना : डिस्कवर केंद्रित होणारा प्रकाशबिंदू जितका लहान, तितक्या बारीक खाचा वाचता येतात. या बिंदूचा आकार लेसरच्या तरंगलांबीच्या सम प्रमाणात आणि भिंगाच्या संख्यात्मक द्वारकाच्या (भिंग प्रकाश किती रुंद कोनातून एकवटते ते दाखविणाऱ्या आकड्याच्या) व्यस्त प्रमाणात असतो. सीडीसाठी 780 नॅनोमीटरचा अवरक्त लेसर व 0.45 द्वारकाचे भिंग, डीव्हीडीसाठी 650 नॅनोमीटरचा तांबडा लेसर व 0.60 द्वारक वापरतात. डीव्हीडीनंतर हाय डेफिनिशन चित्रपटांसाठी आलेल्या ब्लू-रे व एचडी डीव्हीडी या दोन प्रतिस्पर्धी फॉरमॅटचा लेसर 405 नॅनोमीटरचा, निळसर जांभळा. फरक आहे तो भिंगात. ब्लू-रेने 0.85 द्वारक निवडले, एचडी डीव्हीडीने 0.65. यामुळे ब्लू-रेच्या लगतच्या दोन मार्गिकांमधील अंतर 0.32 मायक्रोमीटरपर्यंत (डीव्हीडीत 0.74) खाली आले आणि एका थरावर 25 गिगाबाइट मावू लागले, एचडी डीव्हीडीच्या एका थरावर 15 गिगाबाइट मावत.

मोठ्या द्वारकाची किंमत मात्र द्यावी लागते. असे भिंग डिस्क किंचित तिरकी झाली तरी बिंदू विस्कटू देते, म्हणून वाचनथर पृष्ठभागाच्या जवळ आणावा लागतो. सीडीत हा थर पृष्ठभागापासून 1.2 मिलिमीटर, डीव्हीडी व एचडी डीव्हीडीत 0.6 मिलिमीटर, तर ब्लू-रेत अवघा 0.1 मिलिमीटर आत असतो. इतक्या पातळ आवरणावर एखादा ओरखडाही घातक ठरत असल्याने जपानमध्ये 2003 साली आलेल्या पहिल्या ब्लू-रे रेकॉर्डरच्या डिस्क प्लॅस्टिकच्या पेटीत बंद असत. पुढे टीडीके कंपनीने विकसित केलेल्या कठीण लेपामुळे ही पेटी अनावश्यक झाली. तसे झाले नसते तर लहान मुले हाताळतात अशा गेम कन्सोलसाठी ही डिस्क कितपत व्यवहार्य ठरली असती, ही शंकाच आहे. एचडी डीव्हीडीची रचना डीव्हीडीप्रमाणेच 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या जोडून होत असल्याने जुनी उत्पादनयंत्रणा थोड्या बदलांनी वापरता येई, आणि तिच्या पुरस्कर्त्यांचा मुख्य युक्तिवाद हाच होता.

दोन निवडी : ब्लू-रेचा गट फेब्रुवारी 2002 मध्ये जाहीर झाला, तर तोशिबाच्या पुढाकाराने आलेला दुसरा फॉरमॅट पुढे एचडी डीव्हीडी या नावाने डीव्हीडी फोरमने स्वीकारला. 2005 मध्ये दोहोंचे एकत्रीकरण करण्याचे प्रयत्न निष्फळ ठरले. नोव्हेंबर 2005 मध्ये एक्सबॉक्स 360 बाजारात आला, तेव्हा या दोहोंपैकी एकाचाही चित्रपट-डिस्क चालविणारा प्लेअर उपलब्ध नव्हता. मायक्रोसॉफ्टने दुहेरी थरांची डीव्हीडी कायम ठेवली आणि एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह नोव्हेंबर 2006 मध्ये 199 डॉलरना स्वतंत्र विकला. तो फक्त चित्रपटांसाठी होता, त्यावरून गेम चालत नसत. सोनीने प्लेस्टेशन 3 मध्ये ब्लू-रे ड्राइव्ह अंगभूत ठेवला. परिणामी 2006 च्या वसंतात नियोजित असलेले हे यंत्र कॉपी-संरक्षणाचे नियम निश्चित होईपर्यंत नोव्हेंबरवर गेले आणि निळ्या लेसर डायोडच्या तुटवड्यामुळे युरोपात ते मार्च 2007 मध्ये पोहोचले. अमेरिकेतील किंमत 499 व 599 डॉलर होती. आयसप्लाय या संस्थेने यंत्र उघडून केलेल्या अंदाजानुसार महागड्या आवृत्तीचा उत्पादनखर्च सुमारे 840 डॉलर होता; हा बाहेरून केलेला अंदाज आहे, सोनीचा आकडा नव्हे.

वाचनवेगाचा वाद : एक्सबॉक्स 360 चा 12 पट वेगाचा डीव्हीडी ड्राइव्ह प्लेस्टेशन 3 च्या 2 पट वेगाच्या ब्लू-रे ड्राइव्हपेक्षा वेगवान होता काय, यावर बरीच चर्चा झाली आहे. डीव्हीडीचा एकपट वेग सेकंदाला सुमारे 1.385 मेगाबाइट व ब्लू-रेचा 4.5 मेगाबाइट असल्याने नाममात्र आकडे अनुक्रमे 16.6 व 9 येतात. परंतु पहिला ड्राइव्ह डिस्क स्थिर कोनीय वेगाने, म्हणजे दर मिनिटाला तेवढेच फेरे ठेवून, फिरवतो. त्यात वरील आकडा फक्त बाहेरच्या कडेला मिळतो. माहितीचे क्षेत्र साधारण 24 ते 58 मिलिमीटर त्रिज्येत असल्याने आतल्या कडेला वेग 7 मेगाबाइटच्या खाली उतरतो. ब्लू-रे ड्राइव्ह मात्र सर्वत्र 9 मेगाबाइट देतो. दोन्ही यंत्रांत एकूण 512 मेगाबाइट स्मृती होती. ती पूर्ण भरण्यास ब्लू-रेवरून सुमारे 57 सेकंद लागतील. डीव्हीडीच्या बाहेरच्या कडेवरून 31, आतल्या कडेवरून सुमारे 74. म्हणजे सरासरीने डीव्हीडी पुढे होती, पण गेमकर्त्याने माहिती कोठे मांडली यावर बरेच अवलंबून असे.

या हिशेबात लेसर एका जागेहून दुसरीकडे नेण्याचा वेळ धरलेला नाही, आणि खरी अडचण तिथेच असते. ही हालचाल सुमारे एक-दशांश सेकंद घेते असे मानले, तर तेवढ्यात ब्लू-रेवरून जवळपास 0.9 मेगाबाइट वाचून झाले असते. म्हणून गेमकर्ते तेच झाड, तीच भिंत, तोच आवाज डिस्कवर अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा नोंदवून ठेवतात. जो भाग लागतो त्याच्या शेजारीच प्रत असली की लेसरला लांब जावे लागत नाही. ब्लू-रेच्या अतिरिक्त जागेचा काही भाग नव्या आशयाऐवजी अशा पुनरावृत्तीत खर्ची पडला. ब्लू-रेच्या क्षमतेचे मोजमाप करताना ही बाब बहुधा सुटते. तरीही क्षमतेचा लाभ नाकारता येत नाही : ‘फायनल फँटसी 13’ प्लेस्टेशन 3 वर एका डिस्कवर, तर एक्सबॉक्स 360 वर तीन डीव्हीडींवर वितरित झाला.

एक्सबॉक्स 360 ची 299 डॉलरची स्वस्त आवृत्ती हार्ड डिस्कशिवाय विकली गेल्याने हार्ड डिस्क असेलच असे गेमकर्त्यांना गृहीत धरता येत नसे. प्लेस्टेशन 3 च्या प्रारंभीच्या प्रत्येक यंत्रात ती होती, त्यामुळे गेमचा काही भाग तिच्यावर उतरवून संथ डिस्कची भरपाई करता आली. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन यंत्रांमधील तुलनेत डिस्कच्या प्रकारापेक्षा हा फरक अधिक महत्त्वाचा आहे.

हाय डेफिनिशन चित्र : 720 ओळींच्या (720पी) चित्रात 9,21,600 व 1080 ओळींच्या (1080पी) चित्रात 20,73,600 चित्रबिंदू असतात. एक्सबॉक्स 360 च्या चित्रप्रक्रियकाला 10 मेगाबाइटची अतिवेगवान स्मृती जोडलेली होती. दर बिंदूस रंगासाठी 4 व खोलीसाठी 4 बाइट धरल्यास 720पी चित्र सुमारे 7.4 दशलक्ष बाइटांत मावते. परंतु कडा गुळगुळीत करण्यासाठी प्रत्येक बिंदूचे दोन नमुने घेतले की हीच गरज 14.7 दशलक्ष बाइटांवर जाते आणि चित्र तुकड्यांत रंगवावे लागते. त्यामुळे काही गेम 720पी पेक्षा कमी रिझोल्यूशनवर रंगवून मग मोठे केले जात. ‘हेलो 3’ (2007) हा 640 ओळींवर रंगवला जातो, हे त्याच्या निर्मात्यांनीच मान्य केले होते. खोक्यावर छापलेले रिझोल्यूशन आणि यंत्राने खरोखर रंगवलेले रिझोल्यूशन यांत भेद करणे म्हणूनच आवश्यक आहे.

जोडणीबाबतही धोरणे बदलत गेली. एक्सबॉक्स 360 प्रारंभी एचडीएमआयशिवाय आला. ती जोडणी एप्रिल 2007 च्या एलिट आवृत्तीत आली. प्लेस्टेशन 3 च्या स्वस्त आवृत्तीतून एचडीएमआय वगळण्याचा बेत मे 2006 मध्ये जाहीर झाला व सप्टेंबरमध्ये मागे घेण्यात आला. निन्तेन्दोने वी (2006) कन्सोलमध्ये 480पी वरच थांबून किंमत कमी ठेवली.

निर्णयाचे परिणाम : वॉर्नर ब्रदर्सने जानेवारी 2008 मध्ये ब्लू-रेची बाजू घेतली आणि 19 फेब्रुवारी 2008 रोजी तोशिबाने एचडी डीव्हीडी थांबवल्याची घोषणा केली. हा विजय प्लेस्टेशन 3 मुळे झाला असे बहुतेक लेखक मानतात. उलट पक्षी, एका प्लेस्टेशनमागे खपणाऱ्या चित्रपटांची संख्या स्वतंत्र प्लेअरच्या तुलनेत कमी होती, असा मुद्दा एचडी डीव्हीडीच्या गटाने तेव्हाच मांडला होता. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, कारण चित्रपट-कंपन्यांनी निर्णय घेताना घरांत पोहोचलेल्या ड्राइव्हची एकूण संख्याही पाहिली. या निवडीचा लाभ मात्र कन्सोलपेक्षा फॉरमॅटला अधिक झाला, हे मत अधिक सयुक्तिक दिसते.

2013 च्या प्लेस्टेशन 4 व एक्सबॉक्स वन या दोन्हींनी ब्लू-रे स्वीकारली, पण गेम हार्ड डिस्कवर उतरवणे सक्तीचे केले. डिस्क तेव्हापासून वाहतुकीचे व मालकी तपासण्याचे साधन बनली. 4के चित्रपटांसाठीच्या अल्ट्रा एचडी ब्लू-रेबाबत भूमिका उलटल्या : मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन एस (ऑगस्ट 2016) मध्ये ती दिली, सोनीने त्याच वर्षीच्या प्लेस्टेशन 4 प्रो मध्ये दिली नाही. प्लेस्टेशन 5 (नोव्हेंबर 2020) मधील एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर माहिती साठवणारे साधन) सेकंदाला 5.5 गिगाबाइट वाचते, म्हणजे 16 गिगाबाइट स्मृती सुमारे तीन सेकंदांत भरू शकते. त्यामुळे माहितीच्या पुनरावृत्तीची गरज उरली नाही. याच पिढीत ड्राइव्हविना स्वस्त आवृत्त्याही निघाल्या. 2023 अखेरच्या प्लेस्टेशन 5 मध्ये ड्राइव्ह काढता-घालता येतो आणि नोव्हेंबर 2024 च्या प्लेस्टेशन 5 प्रो मध्ये तो वेगळा विकत घ्यावा लागतो.