सायकलनं ‘पिशवी सरकत’ नाही

यवतमाळकडच्या खेड्यांत आजही म्हणतात, “सायकलनं पोरीची पिशवी सरकते, मंग लेकरू होत नाही.” मानव विकास कार्यक्रमातून शाळेसाठी मिळालेली सायकल मग भाऊच दामटतो आणि पोरगी उन्हात पायी जाते. हे पाहून जीव तुटतो.

पिशवी म्हणजे गर्भाशय. ते ओटीपोटात, हाडांच्या कड्याच्या आत असतं. सीटवर भार येतो तो बसण्याच्या दोन हाडांवर. पायडल मारल्यानं पिशवी हलत नाही की मूल होणं थांबत नाही.

इंग्लंडची सायकलपटू लिझी डायग्नन, तिचंच बघा. २०१२ला ऑलिम्पिक रौप्य, २०१५ला जगज्जेती. २०१८ला मुलगी झाली. त्यानंतर २०२१ला पॅरिस-रुबे ही फ्रान्समधली, बायकांसाठी पहिल्यांदाच झालेली सायकल शर्यत तिनं जिंकली. ओबडधोबड दगडी रस्ता, ओला चिखल, आणि ऐंशीएक किलोमीटर ती एकटीच पुढे. हातमोजे नव्हते, शेवटी हँडलच्या पट्टीवर तळहातांचं रक्त लागलेलं होतं. आपल्या पांदणीतून सायकल काढलेल्याला ते हादरे कळतील. आणि एवढं सोसल्यावर २०२२ला तिला मुलगा झाला.

त्रास होतो तो वेगळा. सीट चुकीची असली तर जांघेत घासतं, फोड येतात. अतिसराव आणि अपुरं खाणं एकत्र आलं तर पाळी थांबू शकते. पण ते उपासमारीनं, सायकलनं नव्हे. पोट भरून भाकर-वरण द्या, आणि पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील एवढी सीट वर घ्या.