मुरिंग : नौका बंदरात बांधून ठेवण्याची सोय आणि तिचा खर्च

नौका बंदरात दीर्घकाळ उभी ठेवण्यासाठी समुद्रतळाशी किंवा काठाशी केलेल्या कायमच्या बांधणीला मुरिंग म्हणतात. नौकेने स्वतःचा नांगर टाकणे वेगळे. तो उचलून नौका निघून जाते, मुरिंग मात्र जागेवरच राहते.

सर्वांत जुना आणि स्वस्त प्रकार झुलत्या मुरिंगचा. तळाशी जड ठोकळा, त्यावर साखळी, वर तरंगता बोया आणि बोयाला नौकेचे नाक बांधलेले. ठोकळा कशाचा आहे याला फार महत्त्व आहे. एक टन काँक्रीट समुद्राच्या पाण्यात पावणेसहाशे किलोच्या आसपासच भरते, तर एक टन ओतीव लोखंड साडेआठशेच्या वर. म्हणूनच मोडीत निघालेली रेल्वेची चाके पुष्कळ ठिकाणी तळाशी दिसतात. गाळाच्या तळाला ठोकळ्याऐवजी लोखंडी स्क्रू पिळून बसवता येतो. ही युक्ती अलेक्झांडर मिचेल या आयरिश अभियंत्याची. तिचे पेटंट त्याने १८३३ मध्ये घेतले.

झुलत्या मुरिंगला पाणी फार लागते. १५ मीटर साखळीवर बांधलेली १० मीटरची नौका ओहोटीच्या वेळी सुमारे २५ मीटर त्रिज्येत फिरते, म्हणजे जवळपास २,००० चौ. मी. जागा अडवते. शेजारच्या नौका एकाच वेळी एकाच दिशेला वळतात, म्हणून वर्तुळे थोडी एकमेकांत शिरली तरी चालते. मात्र खोल बुडाची नौका प्रवाहाचे ऐकते आणि उथळ बुडाची वाऱ्याचे. अशा दोघी शेजारी असल्या की टक्कर होते.

तरंगत्या धक्क्यावर तीच नौका ५०-६० चौ. मी. जागेत मावते आणि तरीही तिथले भाडे कितीतरी जास्त असते. कारण भाडे जागेपेक्षा बांधकामाचे असते : रोवलेले खांब, लाटा अडवणारी भिंत, गाळ उपसणे. जिथे भरती-ओहोटीचा फरक मोठा, तिथे हा खर्च आणखी वाढतो. कॅनडातील फंडीच्या उपसागरात तो १६ मीटरपर्यंत जातो. याच्या उलट, ओहोटीला नौका चिखलात बसते अशी जागा अगदी स्वस्त मिळते, पण भरतीच्या आसपासचे काही तासच तिथून ये-जा करता येते.

आकारणी बहुतेक नौकेच्या लांबीवर, दर मीटरमागे होते. ही लांबी कागदावरची नव्हे, प्रत्यक्ष मोजलेली. पुढे आलेला दांडा आणि मागे टांगलेली छोटी होडीही टेपखाली येते आणि वादाला बहुधा इथेच तोंड फुटते. दोन सांगाड्यांच्या नौकेला (कॅटमरानला) रुंदीमुळे दीडपट भाडे पडणे सर्रास आहे. करार वर्षाचा, हंगामाचा किंवा रात्रीपुरता असतो.

धक्क्यावर गोडे पाणी, वीज, न्हाणीघर, इंधन, मैला उपसण्याचा पंप, नौका उचलण्याची क्रेन अशा सोयी मिळतात. क्रेनचे आणि विजेचे पैसे भाड्यात धरले आहेत की नाहीत, हे आधी विचारलेच पाहिजे. विजेची एक अडचण तर हमखास नजरेआड होते. किनाऱ्याच्या अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या नौकांशी विद्युतघट तयार होतो आणि नौकेचे धातूचे भाग गंजू नयेत म्हणून बुडाखाली लावलेले जस्ताचे तुकडे झपाट्याने झिजतात. अर्थिंगच्या तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, म्हणजे असा क्षीण प्रवाह अडवणारे उपकरण, बसवले की हे थांबते.

झुलत्या मुरिंगवर यातले काहीच नसते. तिथे छोट्या होडीने वल्हवत जायचे आणि साखळीची देखभालही पुष्कळदा मालकानेच करायची. म्हणून नुसत्या भाड्याची तुलना फसवी ठरते. दरवर्षी साखळी वर काढून किंवा पाणबुड्याकडून तपासून घ्यावी लागते. वरचा भाग शेवाळलेला पण शाबूत असतो. झीज असते ती तळाजवळ, जिथे कड्या लाटेबरोबर उचलल्या जातात आणि पुन्हा वाळूत पडतात. तिथली कडी दोन्ही टोकांना निम्मी झालेली सापडते. दुसरी कमजोर जागा नौकेच्या नाकापाशी दोर घासतो ती. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते आणि तळाचा ठोकळा जागचा हलला नाही, तरी हा दोर तुटून नौका वाहून जाऊ शकते. दोराला त्या जागी जाड नळी चढवणे हा साधा, स्वस्त उपाय आहे.

घासणारी साखळी तळावरचे सागरी गवतही गोलाकार खरवडून काढते. त्यासाठी आता काही बंदरांत साखळीऐवजी तळापासून उचललेला लवचिक दोर आणि स्क्रू वापरतात. त्याला सुरुवातीचा खर्च अधिक येतो.