मावतं किती आणि आटतं किती: घरच्या मेपल सिरपची कढई

अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये किंवा कॅनडातल्या ओंटारिओत परसात मेपलची चार झाडं असली, की फेब्रुवारी सरता सरता हात शिवशिवायला लागतात. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन, असं सुरू झालं की झाडाला ठोकलेल्या नळीतून रस ठिबकू लागतो. हा रस आटवून दाट केला की झालं मेपल सिरप. मग प्रश्न येतो, आटवायला कढई केवढी करायची? बहुतेक जण ‘किती लिटरची?’ असं विचारतात, आणि गल्लत होते ती इथेच. भांड्यात किती मावतं हे एक माप, तासाला त्यातून किती आटतं हे दुसरं.

४० सेंटीमीटर तोंडाचा, ४० लिटरचा खोल टोप घ्या. शेजारी २ बाय ३ फुटांची पसरट कढई ठेवा. कढईत दोन इंच रस भरला तर जेमतेम २८ लिटर होतो, म्हणजे टोपच मोठा वाटणार. पण आच लागते तळाला आणि वाफ निघते वरून. टोपाचं तोंड दीड चौरस फूटसुद्धा नाही, कढईचं सहा आहे. लाकडाच्या चांगल्या जाळावर सपाट कढईत चौरस फुटामागे तासाला साधारण ३ लिटर रस आटतो. म्हणजे टोपात ४ लिटर, कढईत १८.

२० नळ्या लावल्यात आणि चांगल्या दिवशी प्रत्येकीला ५ लिटर मिळाला, तर १०० लिटर रस झाला. कढईवर साडेपाच तास, टोपावर चोवीस तासांहून जास्त! पहिल्या वर्षी मी टोपावरच भागवलं. मध्यरात्र उलटली तरी रस पाण्यासारखाच पातळ होता आणि बादल्या तशाच भरलेल्या. हा रस दुधासारखा जपावा लागतो, बर्फात ठेवला तरी थोडेच दिवस टिकतो. म्हणून हिशेब उलटा करावा. दिवसाचा रस भागिले चुलीपाशी बसायला मिळणारे तास, आणि त्याला पुन्हा ३ ने भागा. १०० लिटर आणि ५ तास असतील तर पावणेसात चौरस फूट. खोली या हिशेबात येतच नाही.

आपल्याकडे गुऱ्हाळातली काहील पसरट असते ती याचसाठी. मात्र उसाच्या रसात साखर अठरा-वीस टक्क्यांच्या घरात, मेपलच्या रसात फक्त दोनच्या आसपास. एक लिटर सिरपला सुमारे ४३ लिटर रस लागतो. जवळपास सगळं काम पाणी घालवण्याचंच आहे.

जाळही कढईच्या मापाचा हवा. तासाला १८ लिटर पाण्याची वाफ करायला ११ किलोवॉटहून जास्त उष्णता प्रत्यक्ष रसात उतरावी लागते, ते घरच्या गॅसच्या शेगडीचं काम नव्हे. विटांची चूल कढईच्या पूर्ण तळाखाली धग पोचेल अशी रचा. कढई रुंद आणि जाळ फक्त मधोमध, असं झालं तर कडेची जागा फुकट जाते.

मावण्याचं माप उपयोगी पडतं ते शेवटी. १०० लिटरचं सिरप होणार सव्वादोन लिटर. सहा चौरस फुटांत ते पसरलं तर थर चार मिलिमीटरचा, आणि असा थर मोठ्या जाळावर क्षणात करपतो. एवढ्या कष्टाचा रस काळा पडलेला बघवत नाही. म्हणून आटवताना रसाची पातळी इंचभर राखत ताजा रस बारीक धारेनं घालत राहा. सगळा रस संपला आणि पातळी अर्ध्या इंचावर आली, म्हणजे सातेक लिटर उरला, की काढून घ्या. पुढचं काम त्याच खोल टोपात, घरात, मंद आचेवर. त्या दिवशी तुमच्याकडे पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्या ४ अंश वर, समुद्रसपाटीला १०४ अंशांवर, सिरप झालं. उलथनं बुडवून उचललं की थेंब सुटे न पडता एकमेकांना धरून पडद्यासारखे ओघळतात, तेव्हा लगेच गॅस बंद करा.